सातासमुद्रापलीकडचे वर्गमित्र

पायात काटा मोडला, म्हणजे तो कोठे मोडला हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. स्वतःची भूक, स्वतःची तहान, स्वतःचे दुःख माणसाला आपोआप कळते. दुसऱ्याच्या पायातील काटा मात्र आपल्याला टोचत नाही. म्हणूनच आपल्या भाषेत 'परदुःख शीतल' अशी म्हण पडली. 'ज्याचे जळते, त्यालाच कळते' असेही आपण म्हणतो. या म्हणींमागे लोकांचा फार दिवसांचा अनुभव आहे. तथापि, दुसऱ्याचे दुःख आपलेसे करून घेण्याची एक शक्तीही मनुष्याच्या ठायी आहे. तिला 'समानुभूती' असे म्हणतात.

समानुभूती आणि कीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनवाणी चालणारा मुलगा पाहून 'अरेरे, बिचारा!' असे म्हणणे ही कीव झाली. ऐन वैशाखात डांबरी रस्ता किती तापतो, त्यावर पाऊल टेकताना त्या मुलाला काय होत असेल, याचा त्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करणे ही समानुभूती होय. कीव करणारा मनुष्य नकळत स्वतःला वरच्या पायरीवर उभा करतो; समानुभूती बाळगणारा दुसऱ्याच्या पायरीवर येऊन बसतो. ही शक्ती बीजरूपाने प्रत्येकात असते; परंतु पोहण्याची किंवा गाण्याची कला जशी सरावाने येते, तशी हीदेखील सरावानेच वाढते. तो सराव बालवयात सुरू झाला, तर मनाला तिचे वळण लागते.

शेजारच्या घरातील दुःख निदान आपल्या डोळ्यांना दिसते. दूरदेशीच्या माणसांचे काय? भूगोलाच्या पुस्तकात परका देश म्हणजे नकाशावरील एक रंगीत तुकडा. वर्तमानपत्रात त्या देशातील महापुराची, भूकंपाची किंवा युद्धाची बातमी येते आणि किती माणसे दगावली, त्याचा आकडा येतो. आकड्याला चेहरा नसतो. म्हणून तो वाचून आपण पान उलटतो. त्या देशातील एखादी मुलगी आपल्या ओळखीची असती, तर तीच बातमी आपण निराळ्या मनाने वाचली असती. 'तिची शाळा, तिचे घर सुरक्षित असेल ना?' हा प्रश्न आधी मनात आला असता. निरनिराळ्या देशांतील मुलांची एकमेकांशी ओळख करून द्यावी, असे शिक्षकांना आणि विचारवंतांना वाटत आले आहे, ते यासाठीच.

पूर्वी ही ओळख पत्रांनी होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, जपानमधील टोकियो शहराच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील हत्ती मरू देण्यात आले. युद्ध संपले, तेव्हा तेथील लहान मुलांना हत्ती केवळ चित्रातच पाहावयास मिळत होता. मग त्या मुलांनी भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्रे लिहिली आणि आपल्याला एक हत्ती पाठवावा, अशी विनंती केली. पंडितजींनी १९४९ साली एक हत्तीण जहाजाने जपानला पाठवली. आपल्या कन्येच्या नावावरून त्यांनी तिचे नाव 'इंदिरा' ठेवले होते. ही भेट आपली नसून भारतातील मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे, असे त्यांनी त्या मुलांना कळवले. ही हत्तीण १९८३ सालापर्यंत जगली. टोकियोतील मुलांना हत्तीवाचून काय वाटत असेल, हे दिल्लीतील एका थोर पुरुषाला पत्रांतून कळले. समुद्रापलीकडचे मन वाचण्याचे सामर्थ्य साध्या कागदातही असते, ते असे.

त्याच वर्षी, म्हणजे १९४९ साली, पुण्याच्या साहित्य संमेलनात साने गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. भारतातील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे जीवन जाणून घ्यावे आणि त्यातून परस्परांविषयी प्रेम वाढावे, अशी त्यांची तळमळ होती. ओळख नसते, तेथे गैरसमज घर करतात. ओळख झाली, की माणूस माणसाला दुरावत नाही, हा त्यांच्या कल्पनेचा गाभा होता.

पत्रांना मात्र वेळ लागे. जहाजाने गेलेल्या पत्राचे उत्तर येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. मुंबई आणि इंग्लंड यांना जोडणारी समुद्रातील तार १८७० साली सुरू झाली. पण तिच्यावरून मोजके शब्द जात आणि त्यांना पैसेही बरेच पडत. पुढे संगणक आला. १९८८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील आणि सोव्हिएत संघाची राजधानी असलेल्या मॉस्कोतील काही शाळा संगणकांच्या साह्याने एकमेकींशी जोडल्या गेल्या. त्या दोन बलाढ्य राष्ट्रांत तेव्हा मोठे वितुष्ट होते. अशा राष्ट्रांची मुले एकमेकांशी बोलू लागली, ही गोष्ट लहान नव्हती. २००३ साली स्काइप नावाची सोय निघाली आणि पुढे तिच्यामुळे पडद्यावर समोरासमोर पाहून बोलणेही सर्वसामान्य लोकांच्या आटोक्यात आले. मे २०२५ मध्ये ती सोय बंद झाली; पण तोवर तिच्यासारख्या अनेक सोयी निघाल्या होत्या. आज मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाशी गेलेल्या केबलींमध्ये केसासारखे बारीक काचतंतू असतात. त्यांतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर धावतो आणि आपला आवाज व आपले चित्र घेऊन जातो. म्हणूनच हजारो किलोमीटर दूर असलेला मुलगा हसला, तर त्याचे हसू आपल्याला त्याच क्षणी दिसते.

या साधनाचा उपयोग महाराष्ट्रातील एका खेडेगावच्या शाळेने कसा करून घेतला, ते पाहण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत तेव्हा मोडकळीस आली होती. काही मुलांच्या घरी कन्नड बोलली जाई. पुस्तकातील भाषा त्यांना परकी वाटे. गुरुजींनी प्रथम ती भाषा शिकून घेतली, मुलांना समजेल अशा भाषेत पाठ तयार केले आणि पाठ्यपुस्तकांवर ठिपक्यांचे चौकोनी संकेतचिन्ह, म्हणजे क्यूआर कोड, लावून त्याद्वारे मुलांना कविता, गोष्टी व चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. पुढे महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांवरही असे कोड आले.

याच गुरुजींनी 'चला, सीमा ओलांडू या' अशा अर्थाच्या नावाचा एक उपक्रम चालवला. भारत आणि पाकिस्तान, इस्राएल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा, ज्यांच्यात वैर आहे किंवा होते, त्या देशांतील मुलांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणले. प्रत्येक मुलाची जोडी पलीकडच्या देशातील एका मुलाशी लावून दिली जाई आणि सहा आठवडे ती मुले परस्परांशी संवाद साधत. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय शिक्षक होत. पुरस्काराची रक्कम १० लाख डॉलर होती. तिच्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीत आलेल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्या शिक्षकाने मुलांना दुसऱ्याचा विचार करावयास शिकवले, त्याने स्वतःच्या आचरणानेही तोच पाठ दिला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. देशांच्या सीमा ओलांडण्यापूर्वी या गुरुजींनी आपल्याच वर्गातील भाषेची सीमा ओलांडली होती.

आता असा संवाद प्रत्यक्षात कसा घडतो, ते पाहू. समजा, बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या एखाद्या शाळेने परदेशातील एका वर्गाशी बोलावयाचे ठरवले. पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणून सर्व देशांत एकाच वेळी सकाळ होत नाही. पाटोद्यात सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा टोकियोत दुपारचे दोन वाजलेले असतात आणि केनियाची राजधानी नैरोबी येथे सकाळचे आठ वाजत असतात. हिवाळ्याच्या दिवसांत त्याच क्षणी लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र असते. अर्थात न्यूयॉर्कच्या वर्गाशी बोलणे आपल्याला शाळेच्या वेळेत साधणार नाही. नैरोबीच्या किंवा टोकियोच्या वर्गाशी साधेल. आपली सोय पाहताना पलीकडचे मूल झोपेत तर नसेल, हा विचार करावा लागतो. समानुभूतीचा पहिला धडा असा घड्याळापाशीच मिळतो.

पहिल्या भेटीत पुष्कळ शाळा एक खेळ खेळतात. दोन्ही वर्गांनी आपला देश सांगावयाचा नाही. केवळ 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येईल, असे प्रश्न विचारून समोरच्यांचा देश ओळखावयाचा. 'तुमचा देश विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे काय?' 'तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे काय?' 'तुमच्याकडे दुपार उलटून गेली काय?' मुले नकाशा उघडून बसतात आणि एकेक देश वगळत जातात. या खेळात भूगोल तर पक्का होतोच. शिवाय केवळ चेहऱ्यावरून किंवा कपड्यांवरून बांधलेला अंदाज किती चुकीचा ठरतो, हेही कळून येते.

खरा संवाद पुढे सुरू होतो. 'तुमचा देश कसा आहे?' असे मोघम विचारले, तर मोघमच उत्तर मिळते. विषय लहान आणि रोजच्या जीवनातला असावा. पाणी हाच विषय घ्या. पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगराळ पठारावर आहे. मांजरा नदी याच भागात उगम पावते, धनेगावच्या धरणात साठते आणि पुढे कर्नाटक व तेलंगण या राज्यांतून जाऊन गोदावरीस मिळते. नदीचे माहेर असूनही हा भाग अवर्षणाचा आहे. उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकर येतो आणि घागरी-हंड्यांची रांग लागते. २०१६ साली तर मांजरेचे धरण कोरडे पडले आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल महिन्यात सुमारे ३४० किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले.

आता पडद्यापलीकडे नेदरलँड्समधील वर्ग आहे, अशी कल्पना करा. त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीहून खाली आहे. बांध घालून समुद्र अडवावा, तेव्हा तेथे माणसांनी राहावे, अशी स्थिती. १९५३ साली ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी यांच्या दरम्यानच्या रात्री वादळाने ते बांध फुटले आणि १,८०० हून अधिक माणसे बुडून मेली. तेथील मुलाने आपल्या आजोबांकडून त्या रात्रीची कथा ऐकलेली असू शकते. पाणी गाडीतून कसे येते, हे त्याला कळणार नाही. आणि पाण्याला भिऊन माणसे घराच्या छपरावर कशी चढली, हे पाटोद्याच्या मुलाला कळणार नाही. एकाला पाणी यावे असे वाटते, दुसऱ्याला ते येऊ नये असे वाटते. दोघे एकमेकांना समजावून सांगू लागतात, तेव्हा दोघांनाही आपलेच जीवन नव्याने दिसते. 'टँकर' हा शब्द आपण रोज वापरतो. पण परक्या मुलाला तो उलगडून सांगताना, हंडा भरण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या आईचे श्रम आपल्याला कदाचित प्रथमच नीट दिसतात.

परंतु केवळ एकमेकांना पाहिल्याने मने जुळतात, असे समजू नये. १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या मनातील पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या समाजांतील लोक एकत्र आले असता त्यांचे गैरसमज केव्हा कमी होतात, याचा त्यात विचार आहे. त्यासाठी त्यांनी मुख्यतः चार गोष्टी आवश्यक मानल्या. दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा. दोघांपुढे एकच ध्येय असावे. ते साधण्यासाठी दोघांनी मिळून काम करावे. आणि वडीलधाऱ्यांचा व संस्थांचा त्यास पाठिंबा असावा.

म्हणून नुसत्या गप्पांपेक्षा एखादे सामाईक काम हाती घेणे चांगले. उदाहरणार्थ, दोन्ही वर्गांनी मिळून पाऊस मोजावा. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज ठरावीक वेळी त्यात साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. डब्याचे तोंड रुंद असो की अरुंद, बाजू सरळ असल्या म्हणजे उंची सारखीच येते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी, हा हिशोब दोन्ही देशांत सारखाच. वर्षअखेर दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, म्हणजे आपल्याकडील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कसा येतो आणि त्यांच्याकडे तो वर्षभर कसा पसरलेला असतो, हे डोळ्यांना दिसते. अशा कामात कोणी दाता नसतो आणि कोणी याचकही नसतो. दोघेही विद्यार्थी असतात.

या संवादात काही पथ्ये पाळावी लागतात. आपले सर्व काही छान आहे, असे दाखवण्यासाठी खोटा देखावा करू नये आणि आपली केवळ दैन्यावस्थाही मांडू नये. जसे आहे तसे सांगावे. दुसऱ्याच्या अन्नाला, वेषाला किंवा देवधर्माला हसू नये. न समजल्यास नम्रपणे पुन्हा विचारावे. भाषा वेगळी असल्यामुळे बोलणे मंदगतीने होते. तेथे धीर धरावा. बोलण्यास शिक्षक नेहमी सोबत असावेत आणि आपल्या घराचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक अशी माहिती कोणासही देऊ नये. कधी वीज जाते, कधी जोडणी तुटते. अशा वेळी आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवावा, चित्रे पाठवावीत, किंवा सरळ पत्र लिहावे. हत्ती मागणाऱ्या मुलांकडे तरी कोठे पडदा होता?

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दूरच्या मुलाविषयी आपुलकी वाटणे काही अंशी सोपे असते. तो आपल्या बाकावर जागा मागत नाही, आपल्या डब्यातील वाटा मागत नाही. आपल्या अंतःकरणात समानुभूती खरोखर रुजली की नाही, याची परीक्षा जवळच होते.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाटोदा तालुकाही त्यास अपवाद नाही. पती-पत्नीच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव मिळते. फडाशेजारी पाचटाच्या कोप्यांत ही कुटुंबे राहतात आणि पहाटेच्या थंडीत कामाला लागतात. काही मुले गावी आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकतात. काही मुलांना आईवडिलांबरोबर जावे लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपतो आणि ती मुले परत येतात. तोवर वर्गात बरेच पाठ शिकवून झालेले असतात. गुणाकार-भागाकार पुढे गेलेला असतो, कविता पाठ झालेल्या असतात आणि बाकावरील त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली असते.

अशा मुलाला वर्गात परत आल्यावर काय वाटत असेल? नैरोबीच्या मुलाला जे कुतूहलाने आणि आदराने विचारले असते, ते आपण याला विचारतो काय? तो ज्या गावी राहून आला, तेथील नदी कशी होती? तेथील माणसे कशी बोलत होती? उसाची मोळी कशी बांधतात? त्याने पाहिलेला मुलूख आपण पाहिलेला नाही. त्या अर्थाने तोही दूरदेशाहून आलेला पाहुणाच आहे. त्याला आपली वही द्यावी, राहिलेले पाठ त्याच्याबरोबर वाचावेत आणि बाकावर थोडे सरकून त्याला जागा करून द्यावी. यासाठी विजेची किंवा पडद्याची गरज नाही.

मुलांनो, परदेशातील वर्गाशी बोलण्याची संधी तुम्हांला मिळाली, तर ती अवश्य घ्या. जग किती विशाल आहे आणि त्यातील मुलांची सुखदुःखे किती सारखी आहेत, हे त्यातून कळेल. पडदा मिटला, म्हणजे मात्र आपल्या शेजारी कोण बसले आहे, हे मान वळवून पाहा. सातासमुद्रापलीकडे जे पाहावयास शिकलात, ते हाताच्या अंतरावर दिसू लागले, तरच ते शिक्षण सार्थकी लागले, असे समजावे.

स्वाध्याय

१. समानुभूती आणि कीव यांतील फरक तुमच्या पाहण्यातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. जपानमधील मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे का लिहिली? त्याचा परिणाम काय झाला?

३. 'देशांच्या सीमा ओलांडण्यापूर्वी या गुरुजींनी आपल्याच वर्गातील भाषेची सीमा ओलांडली होती', या वाक्याचा अर्थ सांगा.

४. पाटोद्यात दुपारचे बारा वाजले असता टोकियो व नैरोबी येथे किती वाजलेले असतील?

५. ऊसतोडीहून परत आलेल्या वर्गमित्राला विचारावेत असे पाच प्रश्न लिहा. शक्य असल्यास ते खरोखर विचारा आणि त्याची उत्तरे वर्गात वाचून दाखवण्यापूर्वी त्याची अनुमती घ्या.